जुने डोअर क्लोजर आणि फ्लोअर स्प्रिंग: आधी दार, शेवटी तेल

पणजी, मडगाव, म्हापशाच्या जुन्या इमारतींत दार आपोआप हळू बंद करणारं जुनं यंत्र अजून सापडतं: दाराच्या डोक्यावर बीडाचा (ओतीव लोखंडाचा) बसकट डोअर क्लोजर किंवा उंबऱ्यापाशी पितळी झाकणाखाली जमिनीत फ्लोअर स्प्रिंग. ते बिघडलं की बहुतेक ठिकाणी तोच प्रकार होतो. दार आपटतं म्हणून कोणीतरी स्क्रू पिळतो, स्क्रूने भागत नाही म्हणून तेल ओततो, तेल गळतं म्हणून यंत्र भंगारात जातं. यातली बरीच यंत्रं दुरुस्त होण्यासारखी असतात. चुकतो तो क्रम. आधी दार तपासायचं, मग यंत्राची नोंद आणि ओळख, मग स्प्रिंगचा ताण, मग सील; तेल सगळ्यात शेवटी.

तयारी

काम नोव्हेंबर ते मे या काळात धरा. पावसाळ्यात सागवानाचं, फणसाचं झडप (दाराचं पान) फुगलेलं असतं आणि फ्लोअर स्प्रिंगच्या खड्ड्यात पाणी असतं. त्या दिवसांत केलेली जुळवणी डिसेंबरात चुकीची ठरते. पाऊस थांबल्यावर लाकूड सुकायला काही आठवडे द्या.

हाताशी हवं ते असं: खाचेत घट्ट बसणारे, टोक न झिजलेले स्क्रू ड्रायव्हर, ओळंबा, पाणसळ, आटे मोजायचं गेज (इंची आणि मेट्रिक दोन्ही), लाकडी पाचरी, काठ असलेली पांढरी परात, लोहचुंबक, डोळ्यांना चष्मा, वही आणि मोबाइलचा कॅमेरा. परात पांढरीच घ्या. आतली पोलादी गोळी ज्वारीच्या दाण्याएवढी असू शकते आणि काळपट तेलात ती दिसत नाही.

जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. रंग कोरडा घासू नका; ओला करून घासा आणि तोंडाला मास्क लावा.

१. यंत्राआधी दार

डोक्यावरचा क्लोजर असेल तर दार पूर्ण बंद करा आणि दोन दांडे जिथे जुळतात तिथला स्क्रू काढा. बंद दारातही स्प्रिंगमध्ये थोडा ताण असतो, तेव्हा मोठा दांडा हाताने धरून हळू सोडा. आता दार ३०, ६० आणि ९० अंशांवर उघडून हात काढा. ते जिथे सोडलं तिथेच थांबलं पाहिजे. आपोआप सरकत असेल तर चौकट ओळंब्यात नाही किंवा वरची बिजागरी उतरली आहे. असं दार कुठलाही क्लोजर नीट बंद करू शकणार नाही.

नंतर कागदाची पट्टी झडप आणि चौकटीच्या फटीतून सगळीकडे फिरवा. अडेल तिथे खडूने खूण करा. लॅचची जीभ पट्टीच्या भोकात सरळ जाते का तेही पाहा. दार शेवटच्या दोन बोटांत अडतं अशी तक्रार असेल तर कारण बहुधा इथेच सापडतं, आणि लोक मात्र क्लोजरची स्प्रिंग आवळत बसतात.

फ्लोअर स्प्रिंगच्या दाराचं यंत्र असं सोडवता येत नाही. तिथे झडप वरच्या कोपऱ्याला धरून पुढे-मागे हलवा. वर खटखट जाणवली तर वरची खीळ किंवा तिचं बुश झिजलेलं आहे. खाली जाणवली तर झडपाच्या तळाची पट्टी सैल आहे किंवा यंत्राची सबंध पेटी खड्ड्यात हलते आहे.

तपासा: दाराचा दोष दूर केल्यावर दोन दिवस दार तसंच वापरून बघा. पुष्कळदा यंत्र उघडायची वेळच येत नाही.

२. नोंद

दांडे सोडवले असतील तर पुन्हा जोडा आणि यंत्राचा आणखी एकही स्क्रू सैल करण्याआधी फोटो घ्या: समोरून, दोन्ही बाजूंनी, दार बंद असताना आणि ९० अंशांवर उघडं असताना. दांडा कोणत्या बाजूला वळतो ते बाण काढून लिहा. हे फार महत्त्वाचं आहे. जुन्या बसकट क्लोजरमध्ये चपट्या पात्याची गुंडाळलेली स्प्रिंग असते आणि अनेक यंत्रं डाव्या किंवा उजव्या हाताच्या दारासाठी वेगवेगळी बनवलेली असत. ती उलट्या बाजूला आवळली तर पात्याचं आतलं टोक आकड्यातून सुटतं किंवा तुटतं. तसं पातं नव्याने मिळणं कठीण.

झडपावर आणि चौकटीवर जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं आहेत का, रंगाखाली दुसऱ्या आकाराची सावली आहे का, हेही पाहा. असेल तर हे यंत्र या दाराचं मूळचं नाही, आणि त्याच्या वयावरून दाराचं किंवा इमारतीचं वय काढता येणार नाही.

३. ओळख आणि शोध

अक्षरं वाचायला घासायची गरज नसते. पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवा, किंवा अंधारात बाजूने टॉर्च मारून फोटो काढा. आपल्याकडे पितळ दिसलं की चिंच नाहीतर आमसूल लावायची सवय आहे. इथे ते टाळा. आम्लाने निकेलचा पातळ मुलामा जातो आणि उथळ कोरलेले आकडे कायमचे पुसट होतात.

मग आकडे वेगवेगळे करा. ओतीव, उठावदार आकडा बहुधा साच्याचा असतो. एकटा १ ते ६ मधला आकडा बहुधा यंत्राचं माप सांगतो. पेटंटचा आकडा साधारणपणे ‘पेटंट’ किंवा ‘पॅट.’ या शब्दाबरोबर येतो, आणि खरा धागा तोच.

ब्रिटिश पेटंटांचे आकडे १९१५ पर्यंत दरवर्षी पुन्हा एकपासून सुरू होत, म्हणून त्यांच्याबरोबर साल नसेल तर नुसत्या आकड्याने काही साधत नाही. १९१६ पासून १,००,००१ या आकड्यापुढे सलग मोजणी सुरू झाली. अमेरिकी पेटंटांनी दहा लाखांचा टप्पा १९११ मध्ये आणि वीस लाखांचा १९३५ मध्ये गाठला. ‘डी.आर.पी.’ म्हणजे जर्मन साम्राज्याचं पेटंट, काळ १८७७ ते १९४५. ‘डी.आर.जी.एम.’ ही १८९१ पासूनची, छोट्या सुधारणांसाठीची जर्मन नोंद. ‘रेग्ड. नं.’ असेल तर तो ब्रिटिश आकृतिनोंदीचा आकडा. ही मालिका १८८४ मध्ये सुरू झाली. आकडा हाती आला की गूगल पेटंट्स आणि एस्पासनेट (युरोपीय पेटंट कार्यालयाचं संकेतस्थळ) या दोन्ही ठिकाणी फुकट शोधता येतो. पेटंटमधलं मूळ रेखाचित्र मिळालं तर यंत्र उघडण्याआधीच आत काय आहे ते कळतं. या सगळ्या शोधातला सर्वांत उपयोगाचा कागद तोच असतो.

सावध: पेटंटचं साल म्हणजे बनवल्याचं साल नव्हे. त्याआधी हे यंत्र बनलेलं नाही, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. तीच पट्टी कारखाने पुढे वर्षानुवर्षं वापरत.

आटेही बोलतात. जुन्या ब्रिटिश मालात व्हिटवर्थ आटे असतात, त्यांचा कोन ५५ अंश. अमेरिकी आणि मेट्रिक आट्यांचा ६०. अर्धा इंची व्हिटवर्थ बोल्टाला इंचाला १२ आटे, अमेरिकी जाडसर बोल्टाला १३. चौफुली खाचेचा फिलिप्स स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचा; यंत्र त्याहून जुनं असेल तर मधे कोणीतरी ते उघडलं होतं. आटे मोजायचं दुसरं कारण दुरुस्तीचं आहे. व्हिटवर्थच्या भोकात मेट्रिक स्क्रू दाबून पिळला की बीडाचे आटे गेलेच.

गोव्यात कागदांचा माग थोडा वेगळा लागतो. १९६१ पर्यंतची बिलं आणि हिशेब पोर्तुगीजमध्ये असतील, तेव्हा त्यांत ‘मोला’ हा शब्द शोधा. स्प्रिंगला तोच शब्द आहे. घरातली जुनी बिलं, चर्चच्या फाब्रिकेचे (चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या समितीचे) हिशेब, देवस्थानाच्या खर्चाच्या वह्या आणि पणजीचं पुराभिलेखागार ही पाहण्याची ठिकाणं. पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिरातीही चाळा. बिलावर एस्कुदो असेल तर ते १९५८ नंतरचं, कारण तोवर इथे रुपिया चालत होता. आणि भारताच्या आर्थिक नाकेबंदीच्या काळात, म्हणजे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून मुक्तीपर्यंत, मुंबईकडून येणारा माल अडला होता. बाहेरचा माल मुरगावच्या बंदरात उतरत असे. त्या वर्षांतल्या इमारतीत जर्मन यंत्र निघालं तर त्यात नवल नाही.

४. यंत्र उतरवणं

डोक्यावरचा क्लोजर दार बंद ठेवूनच उतरवा. आधी दांड्यांचा सांधा सोडवा, मग खालचे स्क्रू काढा, वरचे दोन शेवटी, म्हणजे यंत्र हातात येईपर्यंत लटकून राहतं. स्क्रू हलत नसेल तर खाचेतला रंग टोकदार खिळ्याने साफ करा, गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर थांबा, आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर खाचेत ठेवून हातोडीचा एक हलका ठोका द्या. जोर त्यानंतर लावायचा.

फ्लोअर स्प्रिंगला किमान दोन माणसं लागतात. सागवानाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरा. २.१ मीटर उंच, १ मीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर जाड भरीव झडप ६० किलोच्या आसपास जातं. जुन्या दिवाणखान्यांची झडपं याहून जड असतात. दार मधल्या, बंद स्थितीत ठेवा. झडपाखाली दोन्ही बाजूंनी पाचरी सारा. मगच चौकटीतल्या स्क्रूने वरची खीळ आत ओढा. झडप एका माणसाने वरून धरलेलं असलं पाहिजे, कारण खीळ सुटताक्षणी ते कलतं. सरळ वर उचलून खालच्या चौकोनी खुंटीवरून काढा.

पितळी झाकण उचकटू नका. त्याचे स्क्रू फरशीच्या धुण्याच्या पाण्याने गंजलेले असतात, आणि वाकलेलं झाकण पुन्हा सपाट होत नाही. झाकण निघालं की खड्ड्याचा फोटो काढा: पाणी, वाळू, गंज, जुनं मेण किंवा डांबर, जे असेल ते तसंच. पेटीच्या चार बाजूंच्या पाचरी आणि पत्र्याचे तुकडे क्रमाने नोंदवा. कोणीतरी कधीतरी काळजीने लावलेली ती जुळवणी असते.

तपासा: दुहेरी झडपांच्या दारात दोन यंत्रं एकाच वेळी काढू नका. एक जागेवर राहिलं तर दुसऱ्याची मापं हरवत नाहीत.

५. स्प्रिंगचा ताण

या कामात इजा होते ती इथेच.

बसकट क्लोजरच्या वरच्या बाजूला दातेरी चक्र आणि खटका असतो. चक्राच्या चौकोनावर घट्ट पाना बसवा, स्प्रिंग आवळायच्या दिशेला केसभर ओढा, खटका उचला आणि एक दात सोडा. पुन्हा खटका बसवा. किती दात सुटले ते लिहून ठेवा, परत तितकेच आवळायचे आहेत. ताण पूर्ण गेल्यावर पाना हातात सैल फिरतो. तरीही पातं त्याच्या वाटीतून बाहेर काढू नका. सैल झालेलं पातंही वाटीत कोंडलेलं असतं आणि बाहेर येताना सुरीसारखं फेकलं जातं. वाटीसकट रॉकेलमध्ये बुडवून धुतलं की पुरे.

फ्लोअर स्प्रिंगमध्ये दार काढल्यावरही स्प्रिंग दाबलेलीच असते. जुन्या साध्या यंत्रांत ती लांब दांड्यावर नटने आवळलेली असते. नटचे फेरे मोजत पूर्ण सोडता येतात. पण दांड्याचे आटे संपले आणि स्प्रिंग अजून दाबलेली आहे असं दिसलं तर तिथेच थांबा. त्यासाठी लांब आट्यांचा स्टड लावून स्प्रिंग हळूहळू सोडावी लागते, आणि ते काम लेथवाल्याकडे, व्हाइसमध्ये पक्कं धरून करायचं. टोकाला मोठं झाकण आणि त्यामागे स्प्रिंग अशी रचना असेल तर घरी उघडूच नका.

६. सफाई

तेल परातीत ओता आणि त्याचा एक थेंब पाण्याच्या पेल्यात टाका. तरंगला तर खनिज तेल. विरघळला तर ग्लिसरीन. ग्लिसरीन असेल तर आतले चॅनेल आधी कोमट पाण्याने धुऊन लगेच पूर्ण वाळवा, मग रॉकेल. थेट रॉकेल टाकलं तर ग्लिसरीन तसंच कोपऱ्यात राहतं.

दट्ट्या बाहेर काढताना परात खाली असू द्या. त्यात एक छोटी गोळी असते. दार उघडताना ती बाजूला होऊन तेल मोकळं जाऊ देते. बंद होताना बसते, आणि तेलाला फक्त स्क्रूने कमी-जास्त होणाऱ्या बारीक वाटेने जावं लागतं. म्हणून गोळी घाणीत उघडी अडकली तर स्क्रू कितीही पिळा, दार आपटणारच. बंद अडकली तर दार उघडायला जड जातं. पुष्कळ यंत्रांचं सगळं दुखणं एवढंच असतं.

गंज काढायला पितळी ब्रश आणि रॉकेल वापरा. स्प्रिंग आणि कडक पोलादी कॅम (खुंटीबरोबर फिरणारा, रोलर ढकलणारा तुकडा), रोलर आम्लात कधीही बुडवू नका. आम्लाने कडक पोलाद ठिसूळ होतं आणि नंतर ताण येताच तडकतं. बीडाच्या पेटीला चीर असेल तर साध्या वेल्डिंगने ती बाजूला सरकते. पितळी झाळकाम जाणणारा माणूस शोधा.

७. सील

यंत्रातून बाहेर येणाऱ्या, दाराबरोबर फिरणाऱ्या खुंटीभोवती दोरीचं पॅकिंग असेल तर ग्रॅफाइट लावलेली सुती दोरी घ्या. तिची स्वतंत्र कडी कापा, टोकं तिरपी ठेवा आणि प्रत्येक कडीचा सांधा वेगळ्या दिशेला येऊ द्या. एकच लांब दोरी गुंडाळली की तेल त्याच वाटेने वर चढतं. नट हातानेच आवळा. पान्याने आवळलं की खुंटी जखडते आणि दार अर्ध्यात थांबतं.

हवेवर किंवा तेलावर चालणाऱ्या फार जुन्या यंत्रांच्या दट्ट्यावर सायकलच्या पंपात असते तशी चामड्याची वाटी असते. ती घरी बनवता येते. झाडाच्या सालीने कमावलेलं दोन-तीन मिलिमीटरचं चामडं घ्या. कोल्हापुरी वहाणांचं चालतं. कोमट पाण्यात भिजवून लाकडी साच्यात दाबून सुकवा, कड कापा, आणि ज्या तेलात ती राहणार त्याच तेलात दोन दिवस मुरू द्या.

रबरी रिंग बसवायची असेल तर नायट्राइल मागा. ईपीडीएम किंवा साधं रबर खनिज तेलात फुगतं.

८. तेल

आता तेल. गाडीचं ब्रेक ऑइल नको: ते नायट्राइल आणि रंग दोन्ही खातं. खोबरेल आणि एरंडेल चिकट होतात. ग्रीस तर नकोच, त्याने बारीक वाट बुजते. साधं हायड्रॉलिक तेल, आयएसओ व्हीजी ३२, इथून सुरुवात करा. दट्ट्या आणि तो ज्यात सरकतो ती नळी झिजलेली असतील आणि स्क्रू पूर्ण आवळूनही दार जोरात येत असेल तर त्याहून घट्ट, ४६ किंवा ६८.

भरताना यंत्र सरळ, जसं दारावर बसतं तसं धरा. थोडं ओता, खुंटी पान्याने हळू पूर्ण फिरवा, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहा, पुन्हा ओता. पहिल्या दिवशी बुडबुडे थांबले असं वाटलं तरी यंत्र रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. काठोकाठ भरू नका. मे महिन्याच्या उन्हात तेल फुगतं आणि नवं पॅकिंग ढकलतं.

तपासा: खुंटी फिरवून सोडा. सुरुवातीला मोकळी उडी घेऊन मग मंद होत असेल तर आत हवा आहे. ती काढल्याशिवाय दारावर चढवू नका.

९. परत बसवणं

डोक्यावरचा क्लोजर जुन्याच भोकांत बसवा. भोकं सैल असतील तर सागवानाच्या काड्या सरस लावून ठोका. नवी भोकं पाडू नका.

फ्लोअर स्प्रिंगला वेळ द्या. वरच्या खिळीच्या भोकातून ओळंबा सोडा. टोक खालच्या खुंटीच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे. दोन मिलिमीटरांचा फरकही झडपाला एका बाजूला जड करतो. पेटी पाणसळीत आणा आणि जुन्या पाचरी नोंदीप्रमाणे लावा. झडप मधे नीट थांबत नसेल तर कॅमला दोष देण्याआधी पेटी किंचित वळली आहे का पाहा.

आता आपल्या हवेचा प्रश्न. खड्डा चिऱ्यात खोदलेला असेल तर चिरा पाणी झिरपवतो, आणि वरून रोज फरशी धुतली जाते. पेटीच्या बाहेरून बिटुमेन रंगाचे दोन हात द्या. पेटी आणि खड्ड्याच्या मधली पोकळी मेण आणि ग्रीस एकत्र वितळवून भरा. सिमेंट ओतू नका. सिमेंटमध्ये गाडलेली पेटी पुढच्या माणसाला फोडूनच काढावी लागते. झाकणाखाली पातळ रबरी पट्टी घाला, आणि फरशी पुसणाऱ्याला तिथे बादली उलटी न करता ओला फडका फिरवायला सांगा.

पणजीतल्या फोन्तैन्यशसारख्या संरक्षित भागात फरशी कापावी लागणार असेल तर आधी परवानगीचं विचारा.

१०. वेगाची जुळवणी

आधी स्प्रिंग, मग स्क्रू. लिहून ठेवलेले दात आवळा. दार ३० अंशांवरून सोडा. लॅचपर्यंत जेमतेम पोचेल इतकाच ताण पुरे. जास्त ताण म्हाताऱ्या माणसाला आणि मुलांना त्रास देतो आणि बिजागऱ्या ओढतो. मग स्क्रू अष्टमांश फेऱ्याने फिरवा, आणि प्रत्येक वेळी दार तीनदा उघडून बघा. ९० अंशांवरून बंद व्हायला ५ ते ७ सेकंद लागले की वेग बरोबर. दोन स्क्रू असतील तर एक मुख्य फेऱ्याचा आणि दुसरा शेवटच्या काही अंशांचा असतो; एका वेळी एकालाच हात लावा. स्क्रू कधीही पूर्ण बाहेर काढू नका, तेल अंगावर येतं.

दार यंत्राच्या ताकदीबाहेर जड असेल तर कुठलीच जुळवणी टिकत नाही. आजच्या युरोपीय मापांत ३ क्रमांक ९५० मिलिमीटर रुंद आणि ६० किलोपर्यंत, ४ क्रमांक ११०० मिलिमीटर आणि ८० किलोपर्यंत आहे. जुन्या यंत्रावरचा आकडा या मापांशी जुळेलच असं नाही, पण वजनाचा अंदाज घ्यायला तक्ता उपयोगी पडतो.

दरवर्षी मेअखेर झाकण उघडून खड्डा कोरडा आहे का पाहा, मेण-ग्रीस भेगाळलं असेल तर पुन्हा भरा, आणि वरच्या खिळीला तेलाचा एक थेंब द्या. पावसात दार अडलं तर स्क्रूला हात न लावता थांबा. लाकूड सुकलं की ते परत मोकळं होतं.

दुरुस्त न होणारी यंत्रंही असतात: पेटी दोन ठिकाणी चिरलेली, पातं तुटलेलं, नळी खोल चरे पडलेली. तिथे नवं फ्लोअर स्प्रिंग त्याच खड्ड्यात मावतं का ते मोजा आणि जुनं पितळी झाकण वर ठेवा. आतले जुने भाग तेलाचा हात देऊन, नोंदीच्या कागदासह डब्यात भरा आणि डबा त्याच इमारतीत ठेवा. त्याच मापाचं दुसरं यंत्र कुठे निघालं तर त्यातला कॅम किंवा रोलर कामाला येतो.